शेंगेतल्या दाण्यापर्यंत: वनस्पतींत अमिनो आम्लं पेशीपटल कशी ओलांडतात

[जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.]

मागच्या वेळी आपण जमिनीतलं पाणी झाडाच्या शेंड्यापर्यंत कसं चढतं ते पाहिलं. आज त्याच रस्त्यावरचा जरा अवघड प्रवासी घेऊ या: अमिनो आम्लं. प्रथिनं ज्यांची ओवलेली असतात ते वीस प्रकारचे मणी. पाणी पेशीच्या पटलातून तसं सहज ये-जा करतं. अमिनो आम्लांचं तसं नाही. प्रत्येक पेशीच्या हद्दीवर त्यांना कुणीतरी हात धरून पलीकडे न्यावं लागतं, आणि त्याची किंमत मोजावी लागते. आपल्या ताटातल्या डाळीत किती प्रथिन असेल हे खतावर ठरतं, वाणावर ठरतं, हे आपण ऐकलेलं असतं. पण ते या हद्दींवरही ठरतं, हे फारसं बोललं जात नाही. आज ते बोलायचं आहे.

मी एकच उदाहरण धरून ठेवणार आहे: वाटाणा. एक तर या विषयातलं बरंच संशोधन वाटाण्यावर झालंय. दुसरं म्हणजे तो आपण सगळ्यांनी सोललेला असतो. शेंग उघडली की काय दिसतं? एका बाजूच्या शिवणीला दाणे बारीक देठांनी चिकटलेले असतात. साखर, अमिनो आम्लं, खनिजं, पाणी, दाण्याला जे काही मिळतं ते सगळं त्या एवढ्याशा देठातून. वाळलेल्या वाटाण्याच्या वजनात साधारण वीस ते पंचवीस टक्के प्रथिन असतं. ते प्रथिन दाण्यात तिथल्या तिथेच बनतं, पण त्याचा कच्चा माल मुख्यतः अमिनो आम्लांच्या रूपात त्या देठातून आत येतो.

आता सुका वाटाणा रात्रभर भिजत घाला. सकाळी चिमटीत धरून दाबला की साल एका बाजूला आणि दोन दलं दुसऱ्या बाजूला. ही सोलण्यातली सहजता लक्षात ठेवा. साल आहे आईची, म्हणजे ज्या झाडाला शेंग लागली त्या झाडाची. आतली दलं आणि कोंब ही पुढची पिढी, म्हणजे बाळ. भिजवलेला दाणा हा काही शास्त्रीय पुरावा नाही, पण वाढत्या कोवळ्या दाण्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तरी हेच दिसतं: आई आणि बाळ यांच्या पेशी एकमेकींना कुठेही जोडलेल्या नसतात.

वनस्पतीत ही गोष्ट वेगळी आहे बरं का. एरवी झाडातल्या शेजारच्या पेशी एकमेकींना अगदी सूक्ष्म नळ्यांनी जोडलेल्या असतात. त्यांना प्लास्मोडेस्माटा म्हणतात. जुन्या वाड्यात खोलीतून खोलीत आतल्या आत जाता येतं, अंगणात उतरावं लागत नाही, तसं. सालीतल्या पेशींमध्ये अशा नळ्या आहेत. बाळाच्या पेशींमध्ये आहेत. दोघांच्या मध्ये मात्र एकही नाही. म्हणजे अमिनो आम्लाला आईच्या शेवटच्या पेशीतून बाहेर, मधल्या ओलसर फटीत उतरावं लागतं, आणि मग बाळाच्या पहिल्या पेशीत चढावं लागतं. दोन पटलं. एकातून बाहेर, दुसऱ्यातून आत. आजचा सगळा विषय या दोन पायऱ्यांत आहे.

आधी हे पटल अडवतं का, ते बघू. पेशीपटल म्हणजे स्निग्ध पदार्थांच्या रेणूंचा दुहेरी थर. जाडी साधारण सात-आठ नॅनोमीटर, म्हणजे दीड लाख पटलं एकावर एक रचली तर मिलिमीटरभर जाडी होईल. पण आतून ते तेलकट आहे. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड यांना तेलाचं वावडं नाही, ते सरळ पार होतात. अमिनो आम्लाच्या रेणूवर मात्र पाण्यात असताना एका टोकाला धनभार आणि दुसऱ्या टोकाला ऋणभार, दोन्ही एकाच वेळी असतात. अशा रेणूभोवती पाण्याचे रेणू दाटीवाटीने चिकटतात, आणि ते सगळं सोडून तेलात शिरणं त्याला परवडत नाही. एक लक्षात घ्या, ही अडवणूक पेशीच्या फायद्याची आहे. पेशीत अमिनो आम्लांचा साठा बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. पटल गळकं असतं तर तो साठा धुऊन गेला असता.

मग आत घ्यायचं कसं? बाहेर कमी, आत जास्त, तरी आत ओढायचं. म्हणजे चढावर माल नेण्यासारखं आहे, त्याला जोर लागणार. हा जोर वनस्पती वेगळ्या तऱ्हेने साठवते. आपल्या शरीरातल्या पेशी यासाठी मुख्यतः सोडियम वापरतात. वनस्पती प्रोटॉन वापरतात, म्हणजे हायड्रोजनचा धनभारित कण.

इमारतीत कसं असतं? पंप लावून पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवतात. विजेचं बिल त्या पंपाचं. एकदा टाकी भरली की घरात नळ सोडला की पाणी आपोआप येतं. वनस्पतीच्या पटलात असाच एक पंप असतो. तो एटीपी हे पेशीचं इंधन जाळून प्रोटॉन बाहेर फेकत राहतो. परिणाम दोन. पहिला, बाहेर आम्लता वाढते. पेशीभित्तिकेतल्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण साडेपाच. पेशीच्या आत सव्वासातच्या आसपास. सामूचा एक अंक म्हणजे दहापट फरक, तेव्हा बाहेर प्रोटॉन आतल्यापेक्षा पन्नास ते शंभरपट दाट. दुसरा, धनभार बाहेर गेल्याने पेशीची आतली बाजू ऋण होते. हा विद्युतदाब बहुतेक वेळा १२० ते २०० मिलिव्होल्ट असतो. १५० धरला तर पेन्सिल सेलच्या दहाव्या हिश्श्याइतका. हसू येईल इतका कमी. पण तो किती जाडीवर आहे ते बघा! सात-आठ नॅनोमीटरवर. हिशोब केला तर सेंटीमीटरमागे सुमारे दोन लाख व्होल्ट होतात. घरातल्या पालकाच्या जुडीत प्रत्येक जिवंत पेशीच्या पटलावर असा ताण असतो.

तर बाहेर टाकलेले प्रोटॉन आत यायला टपलेले असतात: आत कमी आहेत म्हणून, आणि आत ऋणभार आहे म्हणून. पटलात बसलेलं वाहक प्रथिन त्यांना वाट देतं, पण एका अटीवर. येताना सोबत एक अमिनो आम्ल घेऊन यायचं. वाहकाचं तोंड आधी बाहेरच्या बाजूला उघडं असतं. प्रोटॉन आणि अमिनो आम्ल दोन्ही आपापल्या खोबणीत बसले की त्याचा आकार बदलतो, बाहेरचं तोंड मिटतं आणि आतलं उघडतं. दोन्ही बाजू एका वेळी कधीच उघड्या नसतात, म्हणून ते भोक नाही. वाहक प्रथिन स्वतः इंधन जाळत नाही. इंधन पंपाने आधीच जाळलेलं असतं. पाणचक्कीत वरून येणारं पाणी दळण दळतं, तसा उतरणारा प्रोटॉन हा माल चढवतो.

हे इतकं सांगता येतं कारण १९९० च्या सुमारास बीटच्या पानांतलं पटल वेगळं काढून, त्याच्या बारीक पिशव्या करून, आत-बाहेर सामूचा फरक ठेवला की अमिनो आम्लं आत ओढली जातात हे अमेरिकेत डॅनियल बुश यांच्या गटाने दाखवलं होतं. पण वाहक प्रथिन कोणतं, त्याचं जनुक कोणतं, हे हाती लागत नव्हतं. पटलातली प्रथिनं शुद्ध करणं भारी किचकट काम. मग एक नामी युक्ती निघाली, आणि ती मला अजूनही या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

यीस्ट घ्यायचं, म्हणजे पावाचं तेच. त्यातला असा वाण निवडायचा, ज्याचा स्वतःचा अमिनो आम्ल आत घेणारा वाहक बिघडलेला आहे. त्याला स्वतःला हिस्टिडिन बनवता येत नाही आणि बाहेरचं थोडंसं हिस्टिडिन आतही घेता येत नाही. म्हणजे समोर ताट वाढलेलं असून उपाशी. आता वनस्पतीची हजारो जनुकं एकेक करून अशा यीस्टच्या लाखो पेशींत घालायची आणि सगळ्या पेशी त्या जेमतेम आहारावर पसरायच्या. जवळजवळ सगळ्या मरतात. एखादी पेशी मात्र वाढते, तिचा ठिपका दिसायला लागतो. तिच्यात जे जनुक गेलं तेच वनस्पतीच्या वाहकाचं! १९९३ मध्ये बुश यांच्या गटाने आणि युरोपात वुल्फ फ्रॉमर यांच्या गटाने, स्वतंत्रपणे, यीस्टच्याच वाटेने अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या लहानशा झाडाचा एकच वाहक शोधला. आज त्याला एएपी १ म्हणतात. पुढे तोच वाहक आफ्रिकन बेडकाच्या अंड्यात घालून, अमिनो आम्ल आत जाताना प्रोटॉनबरोबर वीज वाहते ती प्रत्यक्ष मोजली गेली. मोहरीच्या कुळातलं जनुक, यीस्टमध्ये सापडलेलं, बेडकाच्या अंड्यात तपासलेलं. [हशा]

एएपी हे एक घराणं आहे, अरॅबिडॉप्सिसमध्ये त्याचे आठ सदस्य. शिवाय इतर घराणी आहेत. सगळे वाहक मिळून शंभराच्या आसपास जातात. सगळी नावं मी सांगणार नाही, घाबरू नका. एकच गंमत सांगते. ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक आत घेणारा वाहक १९९६ मध्ये सापडला, तेव्हा तो अमिनो आम्लांच्या वाहकांचा भाऊबंद निघाला. ऑक्झिनचा रेणू दिसायला ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लासारखाच आहे. मूळ जमिनीकडे वळतं त्यामागे हाच वाहक आहे.

आता वाटाण्याच्या झाडातला पूर्ण रस्ता धरू. मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पकडतात. झाड तो मुख्यतः अ‍ॅस्परॅजिन या अमिनो आम्लात बांधतं. चार कार्बनमागे दोन नत्र, म्हणजे काटकसरीचं गाठोडं. हरभरा असंच करतो. सोयाबीन, तूर, मूग, चवळी मात्र वेगळा माल पाठवतात, अ‍ॅलँटोइन नावाचा, त्यात नत्र आणखी दाट भरलेला. तो विषय पुन्हा कधीतरी.

गाठीच्या पेशीतून हे अ‍ॅस्परॅजिन बाहेर पडून जलवाहिनीत जातं: पहिलं पटल. पाण्याबरोबर पानात पोचतं, पानाच्या पेशी ते आत घेतात: दुसरं. पानात त्याची इतर अमिनो आम्लं बनतात, आणि ती पुन्हा पेशीबाहेर येतात: तिसरं. पानाच्या शिरेतल्या रसवाहिनीच्या साथीदार पेशी ती आत ओढतात: चौथं. मग रसवाहिनीतून शेंगेकडे, देठातून सालीत. हा टप्पा आतल्या नळ्यांमधून, फुकटात. आणि शेवटी सालीतून बाहेर आणि बाळात आत: पाचवं, सहावं. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाके असायचे ना, तसे हे नाके. एका मण्याच्या प्रवासात अर्धा डझन. काही अमिनो आम्लं पानात न जाता खोडातच जलवाहिनीतून रसवाहिनीकडे वळतात, त्यांचे नाके थोडे कमी.

रसवाहिनीतला रस तपासायचा कसा, ही अडचण माव्याने सोडवली. मावा झाडावर बसला की त्याची सोंड नेमकी रसवाहिनीत जाते. सोंड तिथेच ठेवून कीड कापून टाकली की सोंडेच्या तोंडाशी शुद्ध रस थेंबथेंब येतो. त्यात साखर सर्वात जास्त, आणि तिच्यामागोमाग अमिनो आम्लं. माव्याला हवी असतात अमिनो आम्लं, पण ती मिळवायला त्याला ढीगभर साखर प्यावी लागते. नको असलेली साखर तो मागून टाकतो. पिकावर मावा पडला की पानं चिकट होतात, ती ही साखर.

आता त्या शेवटच्या दोन नाक्यांकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे होती. बाळाच्या बाजूचं कळलं होतं. वाटाणा आणि बाकला यांच्या दलांच्या सर्वात बाहेरच्या पेशींची भित्तिका आतल्या बाजूला सुरकुतलेली असते, त्यामुळे पटलाला जास्त जागा मिळते. तिथे पंपही भरपूर आणि एएपीसारखे वाहकही. पण आईच्या बाजूने माल बाहेर कसा पडतो?

१९८० च्या दशकात नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत यासाठी एक शस्त्रक्रिया केली गेली. शेंग झाडावरच. तिला छोटीशी खिडकी पाडायची, आतल्या दाण्याची टोपी कापायची आणि बाळ अलगद काढून घ्यायचं. राहते सालीची रिकामी वाटी, अजून देठाने आईला जोडलेली. त्या वाटीत क्षारांचं साधं पाणी भरायचं, काही वेळाने काढून घ्यायचं आणि त्यात काय उतरलं ते मोजायचं. बाळ नाही, तरीही साल तासन् तास साखर आणि अमिनो आम्लं त्या वाटीत सोडत राहते. द्रावण जास्त दाट ठेवलं की हे सोडणं बदलतं. म्हणजे बाळाने किती उचललं याची खबर आईला दाबातल्या आणि दाटपणातल्या बदलातून मिळत असावी, असं त्यातून दिसलं.

बाहेर सोडणारा वाहक मात्र पुढची पंचवीस-तीस वर्षं नीट सापडला नाही. याचं कारण त्या यीस्टच्या युक्तीतच आहे. ती युक्ती आत घेणारे वाहक पकडते. बाहेर सोडणारा वाहक उपाशी यीस्टला काय कामाचा? २००४ मध्ये एक विचित्र झाड सापडलं, त्याच्या पानांच्या कडांवर पांढरे खडे जमत. तपासलं तर ते ग्लुटामिनचे स्फटिक! एका छोट्या प्रथिनाचं जनुक अति सक्रिय झालं होतं. त्या जनुकाला नावच पडलं ‘ग्लुटामिन डंपर’, ग्लुटामिन टाकून देणारा. पण हे प्रथिन स्वतः वाहक नव्हतं. खरे वाहक २०१२ पासून पुढे एकेक करून समोर आले, आणि त्यांच्या घराण्याला उमामिट नाव मिळालं. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं ओढूनताणून जपानी ‘उमामी’ चवीशी जुळवलेली आहेत; ग्लुटामिक आम्लाची ती चव. यांना प्रोटॉनची गरज दिसत नाही. जिकडे दाट तिकडून विरळ बाजूला, उतारावरून, माल सोडायचा. २०१५ मध्ये अरॅबिडॉप्सिसच्या बियांमध्ये असे काही वाहक नेमके त्या आई-बाळाच्या सीमेवर बसलेले दाखवले गेले. ते निकामी केले की बी लहान भरते आणि अमिनो आम्लं आईच्या बाजूला तुंबतात.

मग प्रश्न येतो, नाक्यावर माणसं वाढवली तर? वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात मेख्टिल्ड टेगेडर यांच्या गटाने २०१५ मध्ये वाटाण्याचाच एएपी १ वाहक दोन ठिकाणी वाढवला: पानातून रसवाहिनीत चढताना आणि दाण्यात शिरताना. झाडं मोठी झाली, दाणे जास्त लागले, आणि दाण्यातलं प्रथिनही वाढलं. दोन्ही एकदम वाढणं महत्त्वाचं आहे, कारण पैदाशीत सहसा उत्पादन वाढलं की प्रथिनाची टक्केवारी घसरते. २०१७ मध्ये त्याच गटाने खताचं प्रमाण बदलून बघितलं, तर नत्र कमी असतानाही ही झाडं त्याचा जास्त चांगला उपयोग करत होती. चीनमध्ये भातावर काम करताना २०१४ मध्ये आढळलं की वाणावाणांतला तांदळाच्या प्रथिनातला फरक काही अंशी एएपी ६ या वाहकाच्या जनुकावर अवलंबून आहे. म्हणजे निसर्गानेही हे नाके कुठे सैल, कुठे घट्ट ठेवलेलेच आहेत.

मी इथे जरा सावध आहे. वाटाण्याचे प्रयोग नियंत्रित वातावरणातले आहेत. शेतात दुष्काळ असतो, कीड असते, आणि रसवाहिनीत अमिनो आम्लं वाढली तर मावाही खूश होणार. पण जगभर शेतात घातलेल्या नत्रापैकी ढोबळमानाने निम्माच पिकाच्या हाती लागतो, उरलेला पाण्यात आणि हवेत जातो. झाडाने आतला माल लवकर उचलला तर मूळही जास्त घेतं. म्हणून खताच्या गोणीइतकंच लक्ष या पटलाकडे द्यायला हवं असं मला वाटतं.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: डाळीत मेथिओनिन कमी असतं म्हणतात. ते वाहक त्याला आत घेत नाहीत म्हणून का?

नाही. एएपी वाहक तसे उदार आहेत, बरीच वेगवेगळी अमिनो आम्लं एकच वाहक नेतो. कमतरता पुढे येते. दाण्यात साठवायची जी प्रथिनं बनतात, लेग्युमिन आणि व्हिसिलिन, त्यांच्या माळेतच मेथिओनिनचे मणी कमी ओवलेले असतात. भातात ते बरं असतं पण लायसिन कमी, ते डाळीत भरपूर. त्यामुळे वरण-भाताचा मेळ जमतो.

प्रश्न: आमच्याकडे दुकानात अमिनो आम्लांच्या बाटल्या मिळतात, फवारायला. झाड ती घेतं का?

घेऊ शकतं. मुळांमध्ये एलएचटी १ नावाचा वाहक आहे, तो मातीतली अमिनो आम्लं उचलतो. १९९८ मध्ये स्वीडनच्या जंगलात, खुणेचे कार्बन आणि नत्र घातलेलं ग्लायसिन मातीत सोडून, झाडं ते अख्खंच्या अख्खं घेतात हे टोर्ग्नी नॅशोल्म यांच्या गटाने दाखवलं. तिथली माती थंड, नायट्रेट कमी, म्हणून तिथे ते महत्त्वाचं. आपल्या शेतात मातीतले जिवाणू आधी हात मारतात. पानावर फवारलं तर मेणाचा थर आडवा येतो, थोडंफार आत जातं.

पण हिशोब करून बघा. लिटरमागे दोन मिलिलिटर, एकरी दोनशे लिटर पाणी, म्हणजे चारशे मिलिलिटर औषध. त्यात चाळीस टक्के अमिनो आम्लं धरली तर एकशे साठ ग्रॅम. त्यातला नत्र पंचवीस-तीस ग्रॅम. युरियात शेकडा शेहेचाळीस नत्र असतो, तेव्हा हा झाला पंचावन्न ते पासष्ट ग्रॅम युरिया. एक मूठ, अख्ख्या एकराला. तेव्हा नत्राचं खत म्हणून त्या बाटलीकडे बघू नका. २०२१ मध्ये केंद्र सरकारने खत नियंत्रण आदेशात अशा पदार्थांना जैव-उत्तेजक या वेगळ्या गटात टाकलं, ते याचसाठी योग्य आहे. उत्तेजक म्हणून, ताणाच्या काळात इशारा म्हणून त्याचा उपयोग होतो का, हे प्रत्येक पिकावर, न फवारलेला पट्टा शेजारी ठेवून बघावं लागेल. विक्रेत्याला विचारायचं असेल तर तो पट्टा कुठे आहे ते विचारा.